हिरो होण्याचा तीन महिन्यांचा कोर्स

राजदीप निकुरेने आजवर तीन खून केले होते, दोन बायका पळवल्या होत्या आणि एका विधवेच्या झोपडीला आग लावली होती. हे सगळं त्याच्या हातून केवळ मुरुमांमुळे घडलं.

एरवी हा माणूस स्वभावाने इतका गरीब की रांगेत कोणी मध्ये घुसलं तर तो स्वतःच दोन पावलं मागे सरकून त्याला जागा करून द्यायचा. पळसटोल्याच्या हायस्कुलात तो कनिष्ठ लिपिक होता. वय एकोणतीस, लग्न व्हायचं, नोकरी पक्की, सवयी चांगल्या. पण पळसटोला पडलं पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत. इथे धान घरात आलं की गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. सोयरेधायरे मुक्कामाला येतात, गावाबाहेरच्या मोकळ्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, गावकरी खड्डा खणून वर तंबू ठोकतात आणि त्या खड्ड्यात अख्खी पंचक्रोशी चादरी पांघरून नाटक बघते. गावात ज्याला नाटकात काम नाही त्याला निदान नाटकाविषयी मत तरी असावं लागतं.

पळसटोल्याच्या नाट्यमंडळाचे दिग्दर्शक लटारूभाऊ बोरकर. पोस्टातून निवृत्त झालेले. कोणता चेहरा कोणत्या भूमिकेत टाकायचा हे आपल्याला पत्ता वाचावा तसं एका नजरेत कळतं, असा त्यांचा दावा होता. काही वर्षांपूर्वी राजदीप मोठ्या आशेने हिरोची भूमिका मागायला गेला, तेव्हा लटारूभाऊंनी त्याच्या गालांवर बॅटरीचा उजेड पाडला, डावी-उजवी बाजू नीट न्याहाळली आणि विलनच्या मेकअपचा खर्च वाचला म्हणून समाधान व्यक्त केलं. तेव्हापासून गावात विलन म्हणजे राजदीप हे ठरूनच गेलं होतं.

बरं, विलन तर विलन. राजदीप मन लावून काम करायचा. तालमींना सगळ्यांच्या आधी यायचा, पाठांतर चोख, आवाज खणखणीत. पण नाटक संपल्यावर लोक भेटायला येत ते त्याच्या गालांकडे बघत. 'काय चेहरा हाये बापा, पाहूनच अंगावर काटा येते,' म्हणत. कामाचं नाव कोणी काढत नसे. कौतुकाचे सगळे शब्द मुरुमांच्या वाट्याला जात आणि राजदीप आपला त्यांना इकडून तिकडे हिंडवणारा हमाल असल्यासारखा उभा. हे त्याला फार लागायचं. एकदा, फक्त एकदा, लोकांनी आपल्याला 'काय काम केलं' असं म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. आणि ते विलन असेपर्यंत शक्य नाही, त्यासाठी हिरोच व्हावं लागेल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

यंदा नाटक ठरलं 'सून म्हणते सातबारा कोणाचा'. गणपती उठल्यावर मंडळाची बैठक झाली. राजदीपने सगळ्यांसमोर हिरोची भूमिका मागितली, तसे सगळे हसले. लटारूभाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"पाय गा राजदीप," ते म्हणाले, "चेहरा पाहून रोल भेटते. तुळशीच्या लग्नापर्यंत तोंड साफ करून आण, हिरो तुले देतो. नाई तं यंदाचाबी विलन तूच."

ही अट त्यांनी घातली ती पूर्ण होणार नाही या खात्रीने. कारण राजदीपच्या चेहऱ्यावर आजवर काय काय होऊन गेलं ते गावाला ठाऊक होतं. कडुनिंब झाला, मुलतानी माती झाली, जायफळ दुधात उगाळून झालं. शाळेतल्या शिपायाने बकरीचं दूध सुचवलं होतं, तेही झालं, आणि आठवडाभर ऑफिसात त्याच्या शेजारी कोणी बसलं नव्हतं. लगन केलं की मुरूम आपोआप जातात, हा सल्ला तर रोजचाच. पण मुलगी बघायला गेलं की मुलीकडचे आधी मुरूम घालवून या म्हणत, त्यामुळे ती वाट दोन्ही टोकांनी बंद होती.

दुसऱ्याच दिवशी राजदीप किरकोळ रजा टाकून ब्रह्मपुरीला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाईंनी चेहरा पाहिला, पाठही पाहिली आणि सांगितलं, की हे वरवरचं नाही, नुसत्या मलमाने भागणार नाही. तीन महिने रोज एक अँटिबायोटिकची कॅप्सूल पोटात आणि रात्री एक मलम चेहऱ्याला. मग त्यांनी नियम सांगितले. कॅप्सूल जेवणानंतर, ग्लासभर पाण्यासोबत. घेतल्यावर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. दुधासोबत घ्यायची नाही. उन्हात हिंडायचं नाही, कातडी भाजून निघेल. सुरुवातीला मळमळेल. मनाने बंद करायची नाही आणि मनाने वाढवायचीही नाही. दीड-दोन महिन्यांनी फरक दिसेल, तोवर आरशाशी भांडण काढू नका, असंही त्या म्हणाल्या.

घरी येऊन राजदीपने हे सगळं माय गुणाबाईंना सांगितलं. गुणाबाई शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, पण एकदा ऐकलेलं त्यांच्या डोक्यातून सहसा जात नसे. त्यांनी तिथल्या तिथे या कोर्सचा ताबा घेतला. जेवण झालं की ग्लास भरून पुढे, कॅप्सूल तळहातावर आणि ती गिळेपर्यंत माय समोर उभी. गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायच्या. माणूस एकोणतीस वर्षांचा असो की एकोणनव्वद, तोंड उघडून दाखवताना त्याची सगळी शान जाते.

पहिला त्रास दुधाने दिला. कोजागिरीला गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून मसाला दूध आटवलं. राजदीपची कॅप्सूल नुकतीच पोटात गेली होती, म्हणून त्याने हात जोडून ग्लास परत केला. आता वर्षभर पेला-दोन पेले मागून पिणारा माणूस कोजागिरीचं दूध नाकारतो म्हणजे काहीतरी मोठंच असणार. पहाटेपर्यंत गल्लीत त्याला कावीळ झाली होती. सकाळी त्याला मळमळलं आणि तो अंगणात येऊन भडभडून ओकला, तेव्हा उरलेल्यांचीही खात्री पटली.

मग ऊन आलं. धान कापणीला आलं होतं आणि कापणीच्या दिवसांत घरातला धडधाकट पोरगा सुट्टीच्या दिवशी बांधीत उतरणार नाही, ही गोष्ट पळसटोल्यात आजवर घडलेली नव्हती. राजदीपने मधला मार्ग काढला. तो बांधीत गेला, पण लांब बाह्यांचा सदरा, डोक्याला टोपी, तोंडाला मायच्या लुगड्याचा पदर आणि एका हातात काळी छत्री अशा थाटात. छत्री धरलेल्या हाताने विळा धरता येत नाही आणि विळा धरला तर छत्री धरता येत नाही, हे त्याच्या तिथे गेल्यावर लक्षात आलं. मग तो नुसताच बांधावर छत्री घेऊन उभा राहिला. येणारेजाणारे थांबून रामराम करू लागले, कारण लांबून तो पीक पाहणीला आलेला कोणी अधिकारी वाटत होता. एका म्हाताऱ्याने तर तुडतुड्यांनी झालेल्या नुकसानीची रीतसर तक्रारही केली. राजदीपने ती ऐकून घेतली, वर कळवतो म्हणाला. नाही म्हणायचा त्याला धीरच झाला नाही.

एकदाच तो छत्री विसरला. मोटारसायकलने कुरखेड्याला जाऊन आला आणि दोन्ही हातांच्या पाठी व नाकाचा शेंडा असा भाजला की आठवडाभर नाकाची साल निघत होती. जुने मुरूम जागच्या जागी आणि मध्ये हे लाल नाक. आरशाशी भांडायचं नाही म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे राजदीपने आरसा उलटा करून ठेवला.

राजदीपचा मित्र सैफ हा मंडळाचा प्रॉम्प्टर. विंगेत बसून सगळ्यांची सगळी वाक्यं हळूच पुरवायची हे त्याचं काम. त्याचे वडील वहाबभाई कोंबड्यांचे व्यापारी. एका संध्याकाळी त्यांनी कॅप्सूलची पट्टी हातात घेऊन नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. हे औषध तर आपल्या ओळखीचं, ते म्हणाले. कोंबड्या मान टाकू लागल्या की पाण्यातून देतो, दोन दिवसांत पुन्हा दाणे टिपायला लागतात, चांगला माल आहे. त्यांच्या बोलण्यात शुद्ध कौतुक होतं. पण ऐकणाऱ्यांनी त्यातलं कौतुक बाजूला ठेवलं आणि कोंबड्या तेवढ्या उचलल्या. पुढचे काही दिवस राजदीप पहाटे दिसला की कोणीतरी त्याला आज बांग का दिली नाही म्हणून विचारायचं.

याच वहाबभाईंच्या गाडीतून त्याला दवाखान्यात जावं लागलं. झालं असं, की त्या रविवारी गुणाबाई सोयऱ्यांकडे गेल्या होत्या. राजदीपने पोटभर वडा-भात खाल्ला, घोटभर पाण्यात कॅप्सूल गिळली आणि खाटेवर अंग टाकलं. तासाभराने छातीत असं काही जळायला लागलं, की तो उठून बसला आणि घामाघूम झाला. गुणाबाई परत आल्या तो पोरगा छाती धरून बसलेला. त्यांनी गल्ली गोळा केली. हार्ट अटॅक हे निदान सर्वानुमते झालं. गाडी म्हणून जवळ होती ती वहाबभाईंची, आणि ती माल भरून बाजाराला निघालेली. उतरवायला वेळ कुठे होता? राजदीप मागच्या बाजूला पिंजऱ्यांच्या मध्ये बसला, गुणाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन, आणि चहूबाजूंनी कोंबड्या मान बाहेर काढून त्याच्याकडे बघत होत्या.

तालुक्याच्या दवाखान्यात छातीचा ईसीजी काढला, तो स्वच्छ निघाला. तिथल्या तरुण डॉक्टरने राजदीपच्या केसांतलं पीस काढून बाजूला ठेवलं आणि विचारलं, की काही गोळी घेऊन लगेच झोपलात का? कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तिथेच विरघळली होती आणि आतून भाजलं होतं. दोन-चार दिवस थंड, मऊ खा, बरं वाटेल, पुढे पाणी भरपूर घेऊन नीट बसा, असं सांगून त्याने घरी पाठवलं.  घरी आल्यावर गुणाबाईंनी खाट उचलून भिंतीला उभी केली, आणि पुढे रोज कॅप्सूल गिळल्यावर अर्धा तास ती उभीच राहायची.

मलमाची गोष्ट वेगळीच. त्याने उशीच्या निळ्या अभ्र्याचा रंग उडून मधोमध पांढरं तोंड उमटलं. गुणाबाईंनी ते बघून आधी देवापुढे दिवा लावला आणि मग अभ्रा चुलीत घातला. तो नवा होता.

असे दिवस काढता काढता एका सकाळी शाळेतल्या शिपायाने राजदीपकडे रोखून पाहिलं आणि तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं. चेहरा काहीतरी कमी वाटतो, म्हणाला. राजदीप घरी आला, उलटा आरसा सुलटा केला आणि बराच वेळ बघत राहिला. फोड बसले होते. गाल सपाट होऊ लागले होते. डाग होते, पण तेही फिकट. त्याने गालावरून हात फिरवला आणि त्याला अक्षरशः रडू आलं. इतक्या वर्षांत स्वतःच्या चेहऱ्यावरून असा हात त्याने कधी फिरवला नव्हता.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी लटारूभाऊंनी पुन्हा बॅटरी काढली. डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली, मग मान वर करायला लावून गळाही पाहिला. माणूस शब्दाचा पक्का होता. हिरो राजदीपला मिळाला आणि विलनचं काम स्वतः लटारूभाऊंनी घेतलं. वडशाच्या नाटक कंपनीतून हिरोईन ठरली, तंबू ठरला, मंडईची तारीख जाहीर झाली. राजदीप तालमीत सूर्यकांत नावाचा आदर्श मुलगा झाला आणि रोज संध्याकाळी घरी येऊन मायला आपले संवाद म्हणून दाखवू लागला. ते आठ दिवस त्याच्या आयुष्यातले फार चांगले गेले.

आता गुणाबाईंची एक सवय होती. घरातलं काही वाया जाऊ द्यायचं नाही. कॅप्सूलच्या रिकाम्या चकचकीत पट्ट्या त्यांनी दोऱ्यात ओवून अंगणातल्या वालाच्या मांडवावर टांगल्या होत्या, पोपट येऊ नयेत म्हणून. वाऱ्यावर त्या लखलखत आणि पोपट खरंच फिरकत नसत. पण गावाची आशाताई रंजीता फिरकली. ती कशाला तरी आली, मांडवाखाली थांबली आणि तिने पट्टीवरचं नाव वाचलं.

हा जिल्हा मलेरियाचा. इथल्या आशाताईला झोपेतून उठवून विचारलं तरी ती तापाच्या गोळ्यांची नावं सांगेल. हीच कॅप्सूल कधीकधी मलेरियाच्या औषधांसोबत देतात, असं तिने प्रशिक्षणात ऐकलं होतं. मुरुमाच्या गोळ्या म्हणून राजदीप काहीतरी खातो हे तिलाही माहीत होतं, पण आता तिच्या डोक्यात सगळं जुळायला लागलं. दूध नको म्हणाला. ओकला. उन्हात निघत नाही, निघाला तर अंग झाकून. छाती धरून दवाखान्यात गेला. मंडई तोंडावर असताना कोणी आपला ताप कबूल करत नाही, हा तर दरवर्षीचाच अनुभव. तिने राजदीपला गाठून तिथल्या तिथे बोटाला सुई टोचली आणि थेंब किटवर टाकला. मलेरिया निघाला नाही.

"नाईच निघत," रंजीता समजुतीने म्हणाली. "इतक्या गोळ्या खाऊन राह्यलात, कसा निघंल?"

 राजदीपने डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी दाखवली, तिच्यावरचं अक्षर कोणालाच लागलं नाही. रंजीताने वर कळवलं, वरच्यांनी आणखी वर कळवलं आणि मंडईला पाच दिवस उरले असताना फवारणीचं पथक पाठीवर पंप घेऊन गल्लीत दाखल झालं.

फवारणी म्हणजे घर रिकामं करणं. भांडीकुंडी, धानाच्या कोठ्यांवरची झाकणं, देवघरातले देव, सगळं रस्त्यावर आलं. मंडईसाठी भिंती नुकत्याच रंगवलेल्या, त्यांच्यावर पांढरे ओघळ आले. काही घरी सोयरे आधीच मुक्कामाला आले होते, ते आपापल्या पिशव्या मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसले. तालमीचं समाजमंदिरही फवारलं. आणि वर हुकूम, की गल्लीतल्या प्रत्येकाने रांगेत येऊन रक्त तपासून घ्यायचं. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच नाव होतं. हिरो होण्याच्या हौसेपायी याने गल्ली रस्त्यावर आणली, असं लोक त्याला ऐकू जाईल अशा बेताने बोलत होते. राजदीप आपल्या घरचा पाटा-वरवंटा राखत मान खाली घालून उभा होता. अशा वेळी साफ चेहऱ्याचा काही उपयोग होत नाही.

सगळ्यात मोठा आवाज लटारूभाऊंचा. अंगावर घोंगडी, कानाला मफलर अशा वेशात ते तरातरा आले आणि राजदीपच्या नाकासमोर बोट नाचवू लागले. ही अक्कल, हा उद्योग, पाच दिवसांवर नाटक! बोट असं समोर नाचताना बघून रंजीताने ते धरलं आणि सुई टोचली. भाऊंचं बोलणं काही थांबलं नाही. त्यांचा मुद्दा संपत आला तेव्हा किटवर नको ती रेघ उमटलेली होती.

 मग एकेक गोष्ट बाहेर आली. भाऊंना आठवडाभरापासून दिवसाआड थंडी वाजून ताप येत होता. तालीम बंद पडेल म्हणून ते घोंगडी पांघरून, हिवाळा फार पडला म्हणत बसत होते. त्यांच्या अंगाला हात लावला तर तवा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, की हा मलेरिया वाईट जातीचा आहे, आणखी थोडे दिवस अंगावर काढला असता तर डोक्यात गेला असता.

एका दुपारात राजदीपचं सगळं पारडं फिरलं. ज्यांनी शिव्या दिल्या तेच त्याच्या घरचा पाटा आत ठेवायला आले. एकाच्या मुरुमाच्या गोळीने दुसऱ्याचा जीव वाचला, असं औषध ब्रह्मपुरीतच भेटते, असं वहाबभाई ज्याला त्याला सांगत सुटले. रंजीता शांतपणे म्हणाली, की गल्लीत मलेरिया आहे एवढंच तिने कळवलं होतं आणि तो होता.

पण भाऊ वाचले तरी नाटकाचा विलन गेला. तंबू उभा होता, तिकिटं खपली होती, पाहुणे आले होते, आणि भाऊंना उभं राहिलं की चक्कर येत होती. हिरोचं काम सैफला सांगता येत होतं, त्याला सगळं नाटक पाठ होतं. विलनला मात्र आवाज हवा, दरारा हवा. नाव एकच होतं आणि ते घ्यायला कोणी धजत नव्हतं. जे धजले ते म्हणाले, की आता हा कसला विलन, याच्या तोंडाकडे पाहिलं तर मुलगी द्यावीशी वाटते, याला भिऊन जमीन कोण देणार? गुणाबाईंचंही म्हणणं स्पष्ट होतं. दोन महिने पोराने उन्हाचं तोंड पाहिलं नाही, दूध सोडलं, छाती जाळून घेतली, ते पुन्हा विलन व्हायला का?

लटारूभाऊंनी राजदीपला खाटेजवळ बोलावलं. 

"हिरो तुहाच होय, गा," ते म्हणाले. "मी शब्द फिरवत नाई. तू नाई म्हटलं तं नाटक बंद करू, लोकायचे पैसे वापस देऊ. मले काई राग नाई."

 राजदीपला फार वाईट वाटत होतं. सूर्यकांतचे संवाद त्याच्या ओठांवर होते, नवा पांढरा सदरा शिवून आला होता. आणि त्याच वेळी त्याच्या मनात ते लोकांचं वाक्य घुमत होतं, की आता हा कसला विलन. म्हणजे इतकी वर्षं जे भ्याले ते मुरुमांनाच भ्याले, असं सगळ्या गावाचं अजूनही मत होतं. त्याला राग आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला इतका स्वच्छ राग आला.

"मी करतो विलन," तो म्हणाला.

मंडईच्या दिवशी वडशाहून आलेल्या मेकअपवाल्याने राजदीपला आरशासमोर बसवलं आणि हळहळला. मग त्याने साबुदाण्याची पुडी आणि डिंक काढला. गालावर दाणे चिकटवून वर लाल रंग दिला की मुरूम हुबेहूब वठतात, ही त्याची खास कला होती. मंडळाचे लोक भोवती उभे होते, सगळ्यांना पटलं. चार-दोन दाणे चिकटलेही. राजदीपने ते एकेक करून काढले आणि मेकअपवाल्याच्या हातावर परत ठेवले.

"पावडर लाव फक्त," तो म्हणाला. "मी असाच जातो."

पडदा वर गेला. खड्डा गच्च भरला होता. पहिल्या रांगेत पाहुण्या बायकांच्या मध्ये गुणाबाई बसल्या होत्या, तोंड फुगवून. विलन भैयासाहेब रंगमंचावर आला तशी कोणीतरी 'अबे, हा तं हिरोवानी दिसते' अशी आरोळी दिली आणि खड्डाभर हशा पिकला. विंगेत घोंगडी पांघरून बसलेल्या लटारूभाऊंनी डोळे मिटून घेतले.

दरवर्षी राजदीप इथे मिशी पिळून गडगडाटी हसायचा. आज त्याने तसं केलं नाही. हशा विरेपर्यंत तो थांबला, खड्ड्याला नम्रपणे हात जोडले आणि शाळेत पालकांना 'बसा, पाणी घ्या' म्हणतो त्याच आवाजात बोलायला लागला. नवरा गमावलेल्या सुनेची त्याने विचारपूस केली. लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला. जमिनीच्या भानगडीत बाईमाणसाने कशाला पडावं, मी आहे ना, असं तो इतक्या मायेने म्हणाला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना डोलावल्या. पुढच्या प्रवेशात त्याने सुनेचे दागिने सांभाळायला घेतले, त्याच्या पुढच्या प्रवेशात तिच्या भावाला गोड बोलून परगावी धाडलं. आणि मग तेच हसू चेहऱ्यावर ठेवून, तोच गोरागोमटा गाल पुढे करून त्याने तिच्यासमोर कागद आणि शाईची डबी ठेवली. आता खड्ड्यात कोणी हसत नव्हतं. शेंगा खाणाऱ्यांचे हात थांबले होते. 

हिरोईनने डबीत अंगठा बुडवला. तेवढ्यात पहिल्या रांगेत कोणीतरी ताडकन उठलं. गुणाबाई होत्या. पदर खोचून त्या सरळ रंगमंचाच्या कडेपर्यंत आल्या आणि त्यांनी शाईची डबी ओढून घेतली.

"नको देऊ वो बाई अंगठा," त्या हिरोईनला म्हणाल्या. "ह्या मानसाच्या गोड तोंडाले भुलू नको."

सूर्यकांतच्या पांढऱ्या सदऱ्यातला सैफ विंगेत पुस्तक हातात धरून पुतळा झाला. असं काही पुस्तकात नव्हतं. हिरोईन राजदीपकडे बघू लागली. राजदीप जागचा हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं हसूही हललं नाही. तो दोन पावलं पुढे आला आणि वाकून, अगदी आर्जवाने म्हणाला,

"माय, तुम्ही बसा. थंडी पडली. ही तं मले लेकीसारखी हाये."

"माय म्हणू नको मले," गुणाबाई संतापाने म्हणाल्या. "तुह्या मायनं तुले हेच शिकवलं का?"

 मग खड्ड्याच्या एका कोपऱ्यातून 'काय काम केलं रे राजदीप' असा आवाज आला, आणि तो पुरता विरायच्या आत सगळा खड्डा चादरी टाकून टाळ्या वाजवत उभा राहिला. लटारूभाऊ घोंगडीतून हात बाहेर काढून, पडदा पाडू नका म्हणून खुणावत होते. गुणाबाईंनी पोराच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, तोंडाला पदर लावला, आणि शाईची डबी तशीच हातात घेऊन त्या जागेवर जाऊन बसल्या.  टाळ्या थांबेपर्यंत राजदीप हात जोडून, तेच हसू ठेवून उभा राहिला, कारण पुढचं वाक्य त्याचं होतं.